पेटी कोणाच्या घरी गेली?

दलालाची पट्टी कशी असते हे आंब्याचा धंदा करणाऱ्या घराला सांगायला नको. पेट्या किती पोचल्या, भाव काय लागला, हमाली किती, भाडे किती आणि सगळे वजा जाता हाती काय आले, एवढे त्या कागदावर असायचे. एकच गोष्ट नसायची. तो आंबा शेवटी खाल्ला कोणी? मी लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या या वाडीत आले त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. त्यातली बहुतेक वर्षे आमचा हापूस वाशीला जात होता आणि खाणाऱ्याचे एकही नाव आम्हांला ठाऊक नव्हते. नावांची चोपडी असलीच तर ती पलीकडच्या माणसाजवळ.

२०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. पण मोकळीक मिळाली म्हणून गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहत नाही. आमचे गाडे हलले ते २०२० च्या हंगामात. करोनाची टाळेबंदी, बाजार मध्येच बंद मध्येच चालू, आणि झाडावरची फळे तर कोणासाठी थांबत नाहीत. धाकट्या भाऊजींनी परवाना काढून टेम्पो पुण्याला नेला आणि एका सोसायटीच्या फाटकात ६२ पेट्या उतरवल्या. पैसे फोनवर आले. सूनबाईने त्या वेळी एक शहाणपणाचे काम केले. ज्या ज्या नावाने पैसे आले ते नाव, फोन, घराचा नंबर आणि किती डझन गेले, हे तिने शाळेच्या एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवले. आमच्या घरातली ही पहिली चोपडी, की जिच्यात आंबा खाणाऱ्याचे नाव आले.

दोन हंगाम त्या वहीवर निघाले. तिसऱ्या हंगामाला नावे दोनशेवर गेली आणि वही पुरेना. कोणी फोन करून म्हणे, ‘गेल्या वर्षीसारखीच पेटी पाठवा.’ आता गेल्या वर्षीची कशी होती हे शोधायला पाने उलटत बसायचे. त्यातून फोन घरात तिघांचे. एक गिऱ्हाईक भाऊजींना विचारणार, दुसरे ह्यांना, तिसरे सूनबाईला. सूनबाईचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो गणपतीला आला तेव्हा म्हणाला, ‘मावशी, याला सीआरएम म्हणतात. मोठ्या कंपन्या याच्यावरच चालतात.’ सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाशी असलेले नाते सांभाळण्याची व्यवस्था. मला हसू आले. नाते सांभाळायला यंत्र लागते?

पण त्याने उघडून दाखवले तेव्हा कळले की प्रकार साधा आहे. दर माणसाचे एक कार्ड. त्या कार्डावर नाव-पत्ता, त्याने कधी काय घेतले, पैसे कधी दिले, काय बोलला, पुन्हा कधी फोन करायचा, सगळे तारखेवार. आणि तेच कार्ड घरातल्या तिघांना आपापल्या फोनवर दिसते. जुना वाणी हे सगळे डोक्यात ठेवायचा. फरक एवढाच की एकाच्या डोक्यातले दुसऱ्याला दिसत नाही.

ही कल्पना काही फार जुनी नाही. अमेरिकेत पॅट सुलिव्हन आणि माइक मुहनी या दोघांनी १९८७ साली ‘ॲक्ट’ नावाचा कार्यक्रम बाजारात आणला, तो विक्रेत्यांची नाव-पत्त्यांची वहीच होती, फक्त संगणकावर. १९९३ मध्ये टॉम सीबेल यांची कंपनी निघाली, ती मोठ्या कारखान्यांसाठी. १९९९ मध्ये मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सेल्सफोर्स’ काढली आणि सगळी वही इंटरनेटवर नेली. तेव्हापासून कार्यक्रम विकत घेण्याऐवजी महिन्याचे भाडे देण्याची रीत पडली. तुम्ही म्हणाल, या अमेरिकेतल्या गोष्टी आम्हांला कशाला? तर आपल्याकडचीही एक आहे. श्रीधर वेंबू यांची ‘झोहो’ ही तमिळनाडूतली कंपनी २००५ पासून असा कार्यक्रम करते, आणि तिचे एक कार्यालय तेनकाशीजवळच्या मथळमपारै नावाच्या खेड्यात आहे. खेड्यात बसून हे करता येते, एवढे मला पुरेसे वाटले.

तरी एक सांगते. गिऱ्हाइके पन्नासच्या आत असतील तर यातले काही घेऊ नये, दोनशे पानी वही उत्तम. शे-दीडशेपर्यंत २०१८ साली निघालेले व्हॉट्सॲपचे धंद्याचे ॲप पुरते. त्यात गिऱ्हाइकाला ‘पैसे यायचे’, ‘पेटी निघाली’ अशी रंगीत चिठ्ठी लावता येते. लिहिणारे हात एकापेक्षा जास्त झाले की मग मात्र या कार्डांची गरज लागते. काही कंपन्यांचा लहान वापर फुकट असतो, त्यावर एक हंगाम काढून पाहावा. पैसे भरायची घाई करू नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रकाने आपण ठरवायचे. कंपनीने दिलेल्या रकान्यांत ‘पद’, ‘कंपनी’, ‘वार्षिक उलाढाल’ असले काहीतरी होते. आंबा खाणाऱ्याचे पद काय करायचे आहे? सूनबाईने ते काढून टाकले आणि आमचे घातले: पेटीचा नंबर, तोडीची तारीख, कोणत्या भागातला आंबा, आणि तक्रार. आमची कलमे तीन जागी आहेत. काही घराभोवती, काही व्हाळाच्या काठाला आणि काही वर काताळावर. पेटी भरताना तिच्यावर खडूने नंबर घालायचा आणि संध्याकाळी तो नंबर कोणाच्या घरी गेला ते कार्डावर चढवायचे. संध्याकाळी म्हणजे त्याच संध्याकाळी. कंबर मोडलेली असते, डोळे मिटत असतात, तरी त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलेले कार्ड कोरे राहते.

आता या रकान्यांनी काय केले ते सांगते. हापूसला साका होतो हे बागायतदाराला माहीत आहे. वरून फळ सोन्यासारखे, वासही सुरेख, आणि कापले की आत पांढरट, पोकळ, आंबट. गिऱ्हाइकाला वाटते आपल्याला फसवले. पूर्वी असा आंबा कोणाच्या ताटात गेला हे आम्हांला कळायचेच नाही. आता फोन येऊ लागले. २०२२ च्या हंगामात साक्याच्या एकोणीस तक्रारी आल्या. सूनबाई प्रत्येकाला पेटीचा नंबर विचारी आणि कार्डावर घाली. हंगाम सरल्यावर, पावसाळ्याच्या एका दुपारी, तिने तक्रार असलेली कार्डे तेवढी बाजूला काढली. एक बोट लावले की तेवढीच समोर येतात, हा या यंत्राचा खरा गुण. त्या एकोणिसांतली पंधरा कार्डे काताळावरच्या आंब्याची होती आणि पंधराही पेट्या मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तोडलेल्या.

ह्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बोलले नाहीत. काताळ तापतो, खालून धग लागते, आणि फळ झाडावर जास्त पिकू दिले की साका वाढतो, हे दापोलीचे कृषी विद्यापीठ सांगतच असते. चौदा आणे तयार झालेले फळ उतरवावे, उन्हे चढायच्या आत उतरवावे, काढलेले फळ तापल्या जमिनीवर ठेवू नये. पण पुस्तकातली गोष्ट वेगळी आणि आपल्याच बागेची, आपल्याच गिऱ्हाइकांच्या तोंडून आलेली गोष्ट वेगळी. पुढच्या वर्षी काताळावरच्या कलमांखाली गवत पसरले, तिथली तोड आधी उरकली, सकाळी नऊनंतर तिकडे झेला न्यायचा नाही असे ठरले, आणि मेच्या मध्यानंतरचा तिथला माल पेटीत न भरता कॅनिंगला घातला. कॅनिंगचा भाव तो कितीसा! ह्यांच्या जिवावर आले. पण त्या वर्षी साक्याचे फोन चार आले.

ज्या पंधरा घरी तसली पेटी गेली होती, त्यांना सूनबाईने पुढच्या हंगामात पहिल्या तोडीतले दोन-दोन डझन पाठवले. तेही कार्डावर लिहिले. त्यातले तेरा जण अजून आमच्याकडून घेतात.

हल्ली या कार्यक्रमांत नवीन सोय आली आहे. यंत्र आपणहून गिऱ्हाइकाला निरोप लिहून देते. सूनबाईने गंमत म्हणून लिहवून घेतला तर ‘आपल्या जीवनात गोडव्याचा सुवर्णस्पर्श’ असले काहीतरी आले. सासूबाईंनी ऐकून विचारले, ‘कोणाच्या लग्नाची पत्रिका?’ तेव्हापासून निरोप आमचा आम्हीच लिहितो: मोहोर बरा आहे, पहिली पेटी अमुक सुमारास निघेल, भाव ठरला की कळवू. लोक त्याला उत्तर देतात.

नावांची किंमत कळायला मात्र वेळ लागला नाही. एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला आंबा नको होता, यादी हवी होती. दर नावामागे पैसे देतो म्हणाला. रक्कम ऐकून घरात दोन मते पडली हे खोटे कशाला सांगू? खताचे देणे डोक्यावर होते. शेवटी ह्यांनी नाही म्हणून सांगितले. लोकांनी फोन नंबर आंब्यासाठी दिला होता, दुसऱ्याने त्यांना गाद्या आणि विमा विकावा म्हणून नाही. आता तर कायदाही आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. ज्याची माहिती त्याची संमती, आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी, असा त्याचा सारांश. नाव काढा म्हटले की काढायचे.

खरी अवघड वेळ आली ती २०२४ मध्ये, भाऊजी वेगळे झाले तेव्हा. भांडण नव्हते, पण मुले मोठी झाली, चुली दोन झाल्या. कलमे मोजली, चिठ्ठ्या टाकल्या, वाटणी झाली. खळे आणि पंपही वाटला. आणि मग भाऊजी ओटीवर बसून म्हणाले, ‘वहिनी, गिऱ्हाइकांचे काय?’

खोटे नव्हते ते. टेम्पो घेऊन रात्रीचा घाट उतरून-चढून पुण्याला तेच गेले होते, पहिल्या फाटकात तेच उभे राहिले होते. आणि पाच वर्षे रोज संध्याकाळी कार्डे लिहिली सूनबाईने. या मिळकतीला सातबारा नाही, तलाठ्याकडे नोंद नाही, आणि तरी घरातली सर्वांत मोलाची वस्तू तीच झाली होती. तीन दिवस बोलणी चालली. कोणी म्हणे निम्मी-निम्मी करा. सासूबाई म्हणाल्या, ‘माणसे काय कलमे आहेत चिठ्ठ्या टाकायला? त्यांना विचारा की.’

मग तसेच केले. सगळ्यांना एकच निरोप गेला. आम्ही दोन भाऊ आता वेगवेगळा माल देतो, दोघांचे नंबर खाली आहेत, आपल्याला कोणाकडून घेणे सोयीचे ते कळवावे. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना दोघांनी शेजारी बसून फोन केले. ९४ नावे भाऊजींकडे गेली, १२७ आमच्याकडे राहिली, आणि अकरा जणांनी सांगितले की दोन्हीकडून एकेक पेटी घेऊ. पहिली ती सोसायटी जवळजवळ सगळी भाऊजींकडे गेली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले होते, मी पाहिले. पण त्या लोकांनी माणूस पाहिला होता तो भाऊजींना.

नावे द्यायच्या आधी तिने एक काम केले. कार्डावर ‘विशेष’ म्हणून एक रकाना होता. त्यात ‘यजमान वारले, यंदा अर्धीच पेटी’, ‘हात अडचणीत, पैसे सवडीने मागणे’, ‘मुलीचे लग्न मोडले, विचारू नये’ असे बरेच काही साठले होते. लोकांनी विश्वासाने बोललेले ते. तो रकाना तिने एकेक वाचून पुसला. फक्त आंब्याशी संबंध असलेले ठेवले: कोणाला पिकलेला चालतो, कोणाला अढीत घालता येईल असा कच्चा हवा, कोणाकडे मधुमेह आहे म्हणून लहान फळ. साक्याची सगळी नोंद मात्र दोन्ही घरांना दिली, कारण काताळावरची काही कलमे भाऊजींच्या वाट्याला गेली आहेत.

कोणताही असा कार्यक्रम घेताना हे पहिले विचारून घ्यावे की, आपली नावे आपल्याला एकगठ्ठा बाहेर काढता येतात की नाही. भाडे थकले, कंपनी बुडाली किंवा घरात वाटणी झाली, तर कार्डे अडकून बसतील अशा ठिकाणी लिहूच नये. आम्ही दर वर्षी नागपंचमीच्या सुमारास, हंगाम पुरता आवरला की, सगळी नावे कागदावर छापून घेतो. यंदा ती चौदा पाने झाली. सातबाऱ्याचे उतारे ज्या पत्र्याच्या पेटीत असतात, त्याच पेटीत ह्यांनी ती ठेवून दिली आहेत.