स्वानेतीच्या बुरुजांखाली : मेस्तिया ते उश्गुली

सोमवार, मेस्तिया
झुगदिदीहून निघालेली मिनीबस (इथे तिला मार्शुत्का म्हणतात) एंगुरी धरणाची २७१ मीटर उंच भिंत मागे टाकून कॉकेशसच्या पोटात शिरली आणि मेस्तियात थांबली. जॉर्जियाच्या वायव्येचा हा स्वानेती प्रांत. पहिल्यांदा नजरेत भरतात ते शिखरांआधी बुरूज! घराघराला एक. बहुतेक नवव्या ते तेराव्या शतकातले.

एका बुरुजात चढून पाहिलं. शिडी उभी, वर जमिनीला जेमतेम माणूस मावेल एवढं भोक. खांदे तिरके करून वर जायचं, मग पुढची शिडी. हल्ला झाला की घरातले वर जायचे आणि शिडी ओढून घ्यायचे. शत्रू परका असायचा, तसाच पलीकडच्या आळीतलाही. रक्ताचा सूड इथे पिढ्यान्‌पिढ्या चाले. खालच्या घरात चुलीभोवती माणसं आणि लाकडी फळीच्या आड गुरं. हिवाळ्यात जनावरांची ऊब तेवढीच.

जॉर्जियावर आक्रमण झालं की मैदानातल्या चर्चमधल्या मूर्तिचित्रांपासून हस्तलिखितांपर्यंत सगळं इथे लपवायला आणत. त्यातलं बरंच आता इथल्या संग्रहालयात आहे. सोबत आलेली ताई सोन्याच्या पत्र्यावरचं काम बघत राहिली, मला मात्र मिखाईल खेरगियानीच्या घरी जायचं होतं. मेस्तियाचा हा गिर्यारोहक १९६९मध्ये इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये चढाई करताना गेला. गावाला त्याचा अभिमान अजून आहे.

मंगळवार, झाबेशी
मेस्तियाहून पायी निघालो. चाल सोपी. समोर तेतनुल्दीचा पांढरा सुळका. रात्री जेवायला ताश्मिजाबी, म्हणजे चीज घालून घोटलेला बटाटा. चमचा उचलला की तार हातभर लांब येते. इथली प्रसिद्ध कुबदारी म्हणजे मांस भरलेली रोटी, त्यामुळे आमच्या कामाची नाही. टेबलावर स्वानेतीचं मीठ होतं, लसूण, धणे, मिरची, निळी मेथी आणि झेंडूच्या पाकळ्या घालून कुटलेलं. ताईने वाटी जवळ ओढली, "आपल्या मेतकुटाची चुलत बहीण गं ही!" असं म्हणाली आणि घरमालकिणीकडून पुडी बांधून घेतली.

बुधवार, आदिशी
वाट स्कीच्या उतारांवरून जाते. उन्हाळ्यात ते ओरबाडलेल्या मातीचे पट्टे दिसतात, थांबावंसं वाटत नाही. आदिशीत आलो आणि बरं वाटलं. पडकी घरं, तिरके झालेले बुरूज, मधूनच एखाद्या दुरुस्त केलेल्या छपरातून धूर. १९८७च्या हिवाळ्यात स्वानेतीत हिमस्खलनांनी हाहाकार माजवला आणि हजारो लोकांना खाली मैदानात हलवलं गेलं. आदिशीही जवळपास ओस पडलं. आता चालणारे येतात म्हणून काही कुटुंबं परतली आहेत. पर्यटनाने गावं बिघडतात असं मी नेहमी म्हणते; इथे ते म्हणायला जीभ रेटत नाही.

गुरुवार, नदी
आज लवकर निघायचंच, असं घरमालकाने बजावलं होतं. आदिशचाला नदी हिमनदीच्या पोटातून येते. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारपर्यंत पाणी फुगतं. पूल नाही. काठावर गावातले घोडेवाले उभे. पाण्याचा रंग दुधात राख कालवल्यासारखा, तळ दिसत नाही, फक्त दगड गडगडल्याचा आवाज. घोडा आधी खुराने चाचपतो, मग एकदम छातीपर्यंत पाण्यात जातो आणि प्रवाहाला तिरका रेटा देत निघतो. बूट भिजले. ताई पलीकडून ओरडली, "पाय वर घे गं!" तोवर पलीकडचा काठ आला होता.

मग छखुंदेरी खिंड, २६०० मीटरहून उंच. वळून पाहिलं तर हिमनदी बर्फाच्या भिंतीसारखी दरीत उतरलेली. इप्रालीला पोचेतो अंधार. जेवलो, झोपलो.

शुक्रवार, उश्गुली
चार वस्त्यांचं गाव, सुमारे २१०० मीटरवर. त्यातल्या चझाशीमुळे १९९६पासून जागतिक वारशाच्या यादीत. दरीच्या टोकाशी श्खारा, जॉर्जियातलं सर्वांत उंच शिखर. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे. मी मात्र बुरुजाला टेकवून वाळत घातलेल्या गवताकडे आणि त्याच बुरुजाला बांधलेल्या गाईकडे बघत होते. नुसतं शिखर पाहून मी एवढी रमले नसते.

संध्याकाळी परतीच्या जीपचा भाव ठरवायचा होता. ड्रायव्हर बोटांवर आकडा दाखवी, ताई एक बोट मिटवी. शेवटी आणखी दोन पोलिश मुलं मिळाली आणि भाडं चौघांत वाटून सुटलं. सकाळी नऊला निघायचं आहे.