झाकलेला डोळा

वाईला कृष्णेच्या घाटापासून जवळच एका जुन्या वाड्यात शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांचे बिऱ्हाड आहे. घरात ते, त्यांची पत्नी, वृद्ध आईवडील आणि पाच वर्षांची एकुलती एक मुलगी. मुलगी मोठी चुणचुणीत. पिंपळावरचा पोपट सर्वांच्या आधी तिला दिसे. वडिलांच्या हातून पडलेली सुई फरशीच्या सांध्यातून तीच शोधून देई. अशा मुलीच्या दृष्टीत काही उणे असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

एके दिवशी बालवाडीत मुलांचे डोळे तपासण्यासाठी डॉक्टर आले. भिंतीवर एक तक्ता टांगला गेला. त्यावर तीन दातांच्या फणीसारखे एकच चिन्ह ओळीओळीने लहान होत गेलेले होते. फणीचे दात कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. ज्यांना अजून अक्षरओळख नाही, त्यांनी नुसती बोटे वळवून दाताची दिशा दाखवायची. अशा तक्त्यांची मूळ कल्पना हॉलंडमधील स्नेलेन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली काढली. मुलीचा उजवा डोळा झाकला, तेव्हा तिने अगदी खालच्या ओळीपर्यंत भराभर बोटे वळवली. मग डावा डोळा झाकला, आणि ती गप्प झाली. क्षणभराने मान तिरकी करून ती डॉक्टरांच्या बोटांच्या फटीतून पाहू लागली.

पुढच्याच आठवड्यात आईवडील तिला घेऊन एस.टी.ने साताऱ्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. तेथे डोळ्यांत थेंब घातले गेले. "आता डोळ्यातली बाहुली मोठी होईल," असे डॉक्टर म्हणताच, ती बाहुली आपल्याला कधी मिळणार, असे मुलीने विचारले. सर्वजण हसले. ते हसू त्या दिवशीचे शेवटचेच ठरले. डाव्या डोळ्यात दोष नव्हता. परंतु उजव्या डोळ्याला मोठा नंबर होता. त्या डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नीट एकत्र येत नव्हते, त्यामुळे तेथे उमटणारी प्रतिमा नेहमी पुसट असे. एका डोळ्याकडून स्वच्छ आणि दुसऱ्याकडून पुसट चित्र येऊ लागले, की लहान मुलाचा मेंदू पुसट चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. डोळा निरोगी असतो, पण पाहायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. नाव काही फारसे न्यायाचे नाही. त्या बिचाऱ्या डोळ्याला कामच मिळालेले नसते.

"चष्म्यानं चित्र स्वच्छ होईल," डॉक्टर म्हणाले, "पण ते पाहायची सवय डोळ्याला लावावी लागेल. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधा. सातआठ वर्षांच्या आत हे केलं तर गुण चांगला येतो. वय वाढलं की काम अवघड होत जातं." त्यांनी रोजचे तास लिहिण्यासाठी एक कागद आखून दिला.

घरी हे सगळे ऐकून आजोबा तेवढे शांत राहिले. जन्मभर शेती केलेला तो माणूस. ते म्हणाले, "जोडीतला एक बैल जोरकस असला, की दुसरा नुसता चालतो, ओढत नाही. त्या जोरकस बैलाला दोन घटका खुंट्याला बांधा, मग दुसरा ओढतो की नाही बघा."

आजीला मात्र हे मुळीच पटले नाही. "एवढ्याशा पोरीला चष्मा? चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा. लोक काय म्हणतील, सूनबाई?" तिच्या स्वतःच्या नाकावर चष्मा होताच, त्याची एक काडी मोडल्यामुळे तेथे तिने काळा दोरा बांधून तो कानाला अडकवलेला होता. खरे पाहता आजीची समजूत अगदीच निराधार नव्हती, फक्त ती सातशे वर्षे जुनी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिले चष्मे तयार झाले, ते उतारवयातील माणसांना वाचता यावे म्हणूनच. त्यांना काड्याही नव्हत्या. ते हातात धरावे लागत, नाही तर नाकावर टेकवावे लागत. कानावर बसणाऱ्या काड्या अठराव्या शतकात आल्या.

चष्म्याचे मुलीने फारसे मनावर घेतले नाही. उजवीकडच्या जाड भिंगातून तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसे, याची तिला गंमतच वाटे. पण पट्टी लावली, की घरात रणकंदन माजे. पट्टी लावताच तिचे ओळखीचे जग धुक्यात बुडे. उंबरा चुके, भांडे लवंडे. ती पट्टी ओरबाडून काढी, आणि काढताना भुवईचे केस ओढले गेले की आणखी रडे. आळीतली मुले "ढापणी, ढापणी" म्हणून मागे लागत. वडिलांनी एकदा तिला दहा रुपयांची नोट दाखवली आणि सांगितले, "हे बघ, बापूंनासुद्धा चष्मा आहे."

मुलीने नोट नाकाशी धरून निरखली आणि म्हणाली, "पण बापूंच्या डोळ्यावर पट्टी कुठं आहे?"

वडिलांना उत्तर सुचले नाही.

आईचे काळीज तर रोजच्या रडण्याने पिळवटून निघे. एका दुपारी तिने वेळ होण्याआधीच पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी लावलीच नाही. पुढे पुढे नवरा दुकानात गेला आणि सासरे पारावर गेले, की पट्टी देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात जाई. कागदावर मात्र रोज 'दोन तास' असे लिहिले जाई. मुलगी आनंदाने हुंदडे, आणि त्या आनंदाकडे पाहून आई स्वतःची समजूत घाली.

दिवाळीनंतर पुन्हा साताऱ्याला जाणे झाले. डॉक्टरांनी तपासले, कागद पाहिला, पुन्हा तपासले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तीन महिने नेमानं पट्टी लावूनही एका ओळीचासुद्धा फरक नाही. मग आता तास वाढवावे लागतील. सहा तास लावा. किंवा चांगल्या डोळ्यात औषध घालून तोच काही दिवस अंधूक करून ठेवू."

आईच्या हातातली पिशवी गळून पडली. आपण लिहिलेल्या खोट्या आकड्यांचा दंड आता मुलीला भरावा लागणार, हे तिच्या ध्यानात आले. नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर तोंड उघडणे तिला किती जड गेले असेल! पण ती म्हणाली, "डॉक्टर, कागद खोटा आहे. मीच पट्टी काढत होते."

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. मग डॉक्टरांनी तो कागद घडी करून खणात टाकला आणि नवा कागद आखायला घेतला. "ती अजून पाच वर्षांची आहे," ते एवढेच म्हणाले.

परतीच्या एस.टी.त पतिपत्नी एकमेकांशी बोलली नाहीत. रात्री मात्र आईने सासूला सगळे सांगितले. आता सासूबाई म्हणतील, 'मी आधीच सांगितलं होतं,' असे तिला वाटले होते. म्हातारी बराच वेळ वाती वळत बसली. सकाळी जेवणापूर्वी तिने तांदळाचे सूप काढले, नातीला जवळ बसवले आणि आपल्या हाताने तिच्या डोळ्यावर पट्टी लावली. "मला हल्ली खडे दिसत नाहीत गं. तू दाखव."

पहिल्या दिवशी तांदूळ कमी आणि रडणे जास्त झाले. आठवडाभराने मुलीला मोठे काळे खडे सापडू लागले. मग आजीने पांढरे खडे शोधायला लावले, ते तांदळात चटकन ओळखू येत नाहीत. तांदूळ संपले की वडिलांच्या दुकानातली निरनिराळ्या रंगांची बटणे दोऱ्यात ओवायची. डॉक्टरांनी जवळचे बारीक काम करायला सांगितलेच होते. आजीच्या घरात बारीक कामाला तोटा नव्हता. कागदावर आई आता कधी 'दोन तास' लिही, कधी 'पाऊण तास, फार रडली' असेही लिही. आळीतल्या मुलांपैकी दोघे बटणे ओवायला येऊ लागले आणि आम्हालाही पट्टी हवी म्हणून हटून बसले.

संक्रांत झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासले, तेव्हा उजव्या डोळ्याने मुलीने आणखी दोन ओळींची बोटे बरोबर वळवली. शेवटच्या ओळी अजून दूर होत्या. पट्टी चालूच ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा जेवायला बसले. मुलीची पट्टी सुटायला अजून अर्धा तास होता. चष्मा सावरीत ती आजोबांच्या ताटावर वाकली आणि भाताच्या मुदीजवळ बोट नेऊन ओरडली, "आजी, हा खडा तुझा! तू निवडलेल्या तांदळातला आहे!"

आजीने आपला दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला, ताटात निरखून पाहिले आणि म्हणाली, "कुठं गं? मला तर काहीच दिसत नाही."