वाघ्याची सहल

रेल्वेच्या लेखी कुत्रा म्हणजे सामान. त्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. वाघ्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा बायकोने धोशा लावला, "त्याला एकदा मिरजेला नेऊ या हो. आपलं घर, अंगण बघू दे." गोवा एक्सप्रेस भोपाळहून थेट मिरजेला जाते, पण एक रात्र आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. घटकेघटकेला पाणी पिणाऱ्या आणि तितक्याच वेळा बाहेर जावं लागणाऱ्या जिवाला हे झेपणार कसं?

शिवाय मिरज त्याची कधी होती? मिरजेचे आम्ही. वाघ्या पक्का पिपलानीचा, भेलच्या क्वार्टरांमागे नाल्याकाठी जन्मलेला. शेजारपाजारी त्याला 'बाघा' म्हणत आणि तो दोन्ही नावांना शेपूट हलवी. मी नोकरीपायी इथे आलो, पण कितीतरी वर्षं कारखाना, क्वार्टर आणि भाजीबाजार एवढंच माझं भोपाळ होतं. वाघ्याची साखळी हातात आली आणि गल्ल्या उघडल्या. पोहे-जिलबीची गाडी, पंक्चरवाला, शाळेचा चौकीदार, सगळ्यांचा सकाळचा पहिला प्रश्न एकच: "को खां, बाघा कैसा है?" त्यांतल्या निम्म्यांना माझं नाव आजही ठाऊक नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीनेही जे जमलं नव्हतं, ते या गावठी कुत्र्याने केलं.

डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा आकडा पाहिला आणि रिपोर्ट घडी करून परत दिला. "अब परहेज छोड़िए. जो खाए, प्यार से खिलाइए." प्रवासाचं विचारलं तर म्हणाले, जवळचं बघा, सकाळी न्या, दुपारच्या आत परत आणा.

म्हणून भोजपूर. भोपाळपासून तीसेक किलोमीटर. मिसरोद मागे टाकून अकरा मीलला वळलं की शेतं लागतात. मागच्या सीटवर जुनी गोधडी, खाली प्लॅस्टिक, पाण्याची बाटली आणि औषधांचा डबा. वाघ्याने मान खिडकीच्या काठावर टेकवली होती. हरभऱ्याच्या शेताशी त्याच्या नाकपुड्या हलायला लागल्या, मग कान उभे राहिले. किती दिवसांत ते कान उभे राहिलेले पाहिले नव्हते.

अकराव्या शतकात भोजराजाने इथे शिवमंदिर बांधायला घेतलं आणि ते अर्धवटच राहिलं. मागे दगड वर चढवायचा मातीचा उतार अजून आहे, आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे आहेत. आत साडेसात फुटांचं शिवलिंग. कुत्र्याला आत नेता येत नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने दर्शन घेतलं. कुत्रं पाळणाऱ्या जोडप्याचं देवदर्शन नेहमी असंच अर्ध्या-अर्ध्याने होतं. बाहेर बोरं विकणाऱ्या बाईने वाघ्याकडे बघून विचारलं, "बूढ़ा है क्या?" आणि उत्तराची वाट न बघता टोपली बाजूला सारून त्याला उन्हात जागा करून दिली.

मग बेतवेच्या काठी. त्याला मी उचलूनच खाली नेलं. एके काळी मला ओढत नेणारा जीव हातात अगदी हलका लागत होता. पाण्यात पाय बुडवून तो उभा राहिला. महिनोन् महिने भोपळा आणि मऊ भात खाल्ल्यावर त्याला एक अख्खं उकडलेलं अंडं मिळालं. पिवळा बलक त्याने आधी खाल्ला, पांढरं बायकोच्या हातावरून चाटूनपुसून घेतलं. थोड्या वेळाने सगळं उलटून पडलं. बायको पुसत म्हणाली, "असू दे, चव तर घेतली."

त्या आठवड्यातच तो गेला. पोहेवाल्याने दोन दिवस जिलबीचा तुकडा बाजूला ठेवला होता, मग त्याला सांगावं लागलं.

'शेवटची सहल' हे ओझं फक्त आपल्या डोक्यावर असतं. कुत्र्याच्या लेखी ती नुसती सहल असते: उघडी खिडकी, नवे वास, ओळखीची माणसं. आम्ही त्याला आमच्या गावी नेणार होतो ते आमच्या समाधानासाठी. त्याची हक्काची जागा त्याला जन्मापासून मिळालेली होती. ती शोधत होतो आम्ही. ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांना एवढंच सांगेन: लांबचा बेत आखू नका, त्याला उभं राहता येतंय तोवरच निघा, आणि गाडीत रडू नका. आपला चेहरा त्याला वाचता येतो. उगाच त्याची सहल बिघडते.