विमानातली दुसरी खुर्ची

१/ मी वडवणीचा. आमच्याकडे समुद्र भूगोलाच्या पुस्तकातच भेटतो. तरीही मला नौदलाचा वैमानिक व्हायचे होते. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत मी अनुत्तीर्ण झालो आणि इतिहासाकडे वळलो.

२/ गेल्या हिवाळ्यात गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालय पाहिले. तेथे ‘अलिझे’ आहे: पाणबुड्या शोधणारे फ्रेंच बनावटीचे विमान. त्यात तिघे बसत. ते चालवणारा मात्र एकच.

३/ मग इतरांचे काम काय? नौदलात वैमानिकाच्या जोडीला आणखी एक अधिकारी असतो; त्याला पूर्वी ‘ऑब्झर्व्हर’ म्हणत. त्याचे शिक्षण कोचीला होते. तेथील ‘आयएनएस गरुड’ हा तळ ११ मे १९५३ चा. दिशाशोधन, रडार, संदेशवहन, पाणबुडीविरोधी डावपेच हे त्याचे विषय. समुद्रावर वाट नसते, खूण नसते. ज्या जहाजावर परतायचे तेही मधल्या काळात पुढे सरकलेले असते. ते आता कोठे असेल, याचा हिशेब त्याला ठेवावा लागतो.

४/ वैमानिकाचे सुरुवातीचे बरेचसे शिक्षण हवाई दलाकडे होते. विमानवाहू जहाजावर उतरणे ही त्यापुढची विद्या. डेकवर ताणलेल्या तारेत विमानाचा हुक अडकला, तरच विमान थांबते. म्हणून चाके टेकताच इंजिन मंद करायचे नाही, पूर्ण जोरात न्यायचे. तार हुकली तर तसेच पुन्हा उडता आले पाहिजे. थांबण्याच्या क्षणी वेग वाढवायचा, ही सवय सरावानेच अंगी येते.

५/ १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट (पुढे नौदलप्रमुख) ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट उतरवले. डिसेंबर १९७१ मध्ये त्याच डेकवरून ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले केले.

६/ हा सराव जमिनीवरही होतो. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ तळावर तशाच तारा आणि जहाजासारखी चढती धावपट्टी आहे. तेथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचे ‘तेजस’ तारेवर थांबवले. ११ जानेवारी २०२० रोजी तेच त्यांनी भर समुद्रात ‘विक्रमादित्य’वर केले.

७/ चाचणीच्या दिवशी मला विमान म्हणजे एकच खुर्ची वाटत होती. इतिहास वाचतानाही मी पहिल्या खुर्चीतलेच नाव शोधत आलो. आता १९७१ विषयी काहीही वाचताना मी आधी विचारतो: शेजारी, मागे, रडारसमोर कोण बसले होते? ते नसते, तर वैमानिकाला परतीची वाट कोणी दाखवली असती?