मावशीच्या दोन बॅगा

आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाठीवर एक तरी बॅग असतेच. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली. माझ्या मावशीकडे दोन आहेत आणि त्या पोटावर आहेत. एक लघवीची, एक शौचाची. दचकलात ना? मीही दचकले होते.

मावशी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला तेव्हा रेडिएशन-केमो घेऊन ती पुन्हा पोळपाटाशी उभी राहिली. आम्ही पेढे वाटले. दीड वर्षाने पुन्हा रक्ताचे डाग दिसले. बायोप्सीत कळलं, कॅन्सर त्याच जागी परत आलाय. "आता देवाचं नाव घ्या," असं कल्याणच्या नातेवाइकांनी ठरवूनही टाकलं!

परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या सर्जननी मात्र वेगळंच सांगितलं. रेडिएशनचा पूर्ण डोस झालेल्या भागाला पुन्हा तेवढाच डोस सहसा देता येत नाही. तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे छोट्या ऑपरेशनची जखमही नीट भरत नाही. काही जणींसाठी उरतं ते मोठं ऑपरेशन, पेल्व्हिक एक्झेन्टरेशन. गर्भाशय, योनिमार्ग, मूत्राशय, गुदाशय, गरज असेल तेवढं सगळं काढायचं. न्यूयॉर्कच्या डॉ. अलेक्झांडर ब्रन्श्विग यांनी १९४८ साली हे प्रथम मांडलं, तेव्हा त्यांच्या २२ पेशंटपैकी ५ जण ऑपरेशनमुळेच दगावले होते. आज तो धोका खूपच कमी झालाय.

पण कॅन्सर मध्यभागीच असायला हवा. ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा फुप्फुसात, यकृतात पोचलेला नको. त्यासाठी एमआरआय, पेट स्कॅन. एवढं करूनही पोट उघडल्यावर तो पसरलेला दिसला, तर काहीही न काढता टाके घालून परत. सगळा निघाला तरी खात्री नाहीच. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण ३० ते ६० टक्के बायका पाच वर्षांनंतर हयात असतात.

"एवढं कापायचं, तेही गॅरंटीशिवाय?" काका म्हणाले. मावशीने थेट डॉक्टरांना विचारलं, "सर, उभं राहून पोळ्या लाटता येतील?"

"सहा महिन्यांनी, हो. पण कणकेची परात उचलायची नाही."

"मग द्या पेन."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारचे बारा वाजले तरी कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. लवकर बाहेर येणं हीच वाईट बातमी ठरली असती!

खरी परीक्षा घरी सुरू झाली. बॅग बदलणं, भोवतीची त्वचा सांभाळणं स्टोमा क्लिनिकच्या नर्सने शिकवलं. बॅगेचं भोक मापात कापायचं काम काकांनी घेतलं. नवरा-बायकोच्या नात्याबद्दल बोलायला घरात कुणाकडे शब्दच नव्हते. तेही नर्सच दोघांशी दार लावून बोलली. आज मावशी उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटते. परात उचलायला मुलगी आहे.

तुमच्या घरी कुणाचं रेडिएशन झालं असेल, तर पहिल्या दोन-तीन वर्षांचा फॉलोअप चुकवू नका. परत येणारा कॅन्सर बहुतेकदा याच काळात येतो. आलाच, तर तीन प्रश्न विचारा. तो मध्यभागीच आहे का? इतरत्र पसरलाय का? स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनना दाखवायचं का? उत्तर कदाचित 'ऑपरेशन नाही' असं येईल. तरी विचारा. आणि निर्णय नातेवाइकांची मीटिंग भरवून घेऊ नका. जिच्या पोटावर टाके पडणार आहेत, तिला आधी विचारा.