एका जहाजाचं सर्व्हिस बुक

माझं गाव राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या ही आमची ओळख. त्यामुळे मी मॅगझिनसाठी युद्धनौकेवर लिहितेय म्हटल्यावर रूममेट खो-खो हसली. म्हणाली, "उन्हाळ्यात तुमच्या निर्गुडेत म्हैस तरी बुडते का गं?"

नसेल बुडत! पण कॉलरीत वाढलेल्या पोरांना सर्व्हिस बुक म्हणजे काय ते बरोबर कळतं. भरतीची तारीख, बदली, बढती, दुखापत आणि शेवटी निवृत्ती. बाबांचं असं एक बुक आहे आणि पुढच्या वर्षी ते बंद होणार आहे. 'आय.एन.एस. दिल्ली'चा इतिहास वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

भरती : 1 सप्टेंबर 1932 ला हे जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडला पाण्यात उतरलं. नाव 'अकिलीज'. टाचेत बाण लागून मेलेला हा ग्रीक वीर शाळेत सिस्टरांनी शिकवला होता, म्हणून नाव ओळखीचं वाटलं. जात लाइट क्रूझर. 6 इंची 8 तोफा, 4 प्रोपेलर, 72,000 हॉर्सपॉवर. वेग 32 नॉटच्या वर, म्हणजे तासाला जवळजवळ 60 कि.मी.! थर्मलच्या पेपरात आपण जिची आकृती घोटतो, तीच स्टीम टर्बाइन. बॉयलर मात्र तेलावरचे, म्हणजे आमच्या कोळशाला तिथे वाव नव्हता.

पहिली बदली न्यूझीलंडला. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेजवळ 'अकिलीज', 'एजॅक्स' आणि 'एक्झिटर' या तिघींनी मिळून 'ग्राफ श्पे' ही बलाढ्य जर्मन युद्धनौका मोंटेव्हिडिओ बंदरात पिटाळली. चारच दिवसांनी जर्मनांनी ती स्वतःच बुडवली. नंतर दुखापत. जानेवारी 1943 मध्ये पॅसिफिकमध्ये जपानी बॉम्बने एक तोफघर उडालं, 13 खलाशी गेले. दुरुस्ती झाली आणि जहाज पुन्हा ड्यूटीवर हजर!

दुसरी बदली आपल्याकडे. 5 जुलै 1948. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि आपण हे सेकंडहँड जहाज घेतलं. नाव ठेवलं 'दिल्ली'. 1950 मध्ये पंडित नेहरू याच जहाजातून इंडोनेशियाला गेले. पुढे 'ग्राफ श्पे'च्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला (1956), त्यात 'अकिलीज'चं काम 'दिल्ली'नेच केलं. स्वतःच्या तरुणपणाचा रोल स्वतःच करायला मिळणं किती जणांच्या नशिबी असतं? डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीजांविरुद्धच्या कारवाईत हीच 'दिल्ली' दीवसमोर उभी होती.

पण जमाना बदलत होता. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या रशियन बनावटीच्या, जेमतेम 200 टनांच्या मिसाइल बोटींनी. 7,000 टनांच्या तोफवाल्या क्रूझरचे दिवस भरले होते. खुद्द सोव्हिएत क्रूझरचीही तीच गत झाली. 'मुर्मान्स्क' नावाची त्यांची क्रूझर 1994 मध्ये भंगारासाठी ओढत भारताकडे आणत होते. वाटेत दोर तुटला आणि ती नॉर्वेच्या किनाऱ्यावर जाऊन अडकली.

'दिल्ली' 30 जून 1978 ला मुंबईत निवृत्त झाली आणि भंगारात गेली. तिचं एक तोफघर आपण न्यूझीलंडला भेट दिलं. ते ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळावर ठेवलेलं आहे. नाव मात्र आपण राखलं. 15 नोव्हेंबर 1997 ला नवी 'दिल्ली' नौदलात आली. ही कुणाची जुनी नव्हती, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली होती. तिची गॅस टर्बाइन तेवढी युक्रेनहून आलेली. सेकंडहँड जहाज घेण्यापासून इथवर यायला 49 वर्षं लागली.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. तोफा सांगितल्या, हॉर्सपॉवर सांगितली, लढाया सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग तिच्यावर पोट्टे किती शिकले?"

मी गप्पच झाले. बाबांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी पोरं आज आमच्याकडे शिफ्ट सांभाळतात. स्वतंत्र भारताच्या नौदलातल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मोठं जहाज कसं चालवायचं ते या जुन्या 'दिल्ली'वरच गिरवलं. पुढची जहाजं त्यांनी चालवली. त्याचा रकाना मात्र कुठल्याच सर्व्हिस बुकात नसतो.