पुन्याहून आलेला भाचा

१९ मार्च २०२०, रात्री

ती. आईस सा. न. वि. वि.

पोचलो. मघाशी फोनवर हेच सांगितलं, तर तुला ‘पोळलो’ ऐकू आलं आणि सौ.ने घाबरून पुन्हा फोन केला. त्यापेक्षा कागदावर लिहून फोटो पाठवत जाईन. ती टॅबवर मोठा करून देईल, तू निवांत वाच. रेंज फक्त स्लॅबवर येते, त्यामुळे उशीर झाला तर काळजी करत बसू नकोस.

गाडीत झोप लागली नाही. करोनाची साथ पसरू नये म्हणून एसीच्या डब्यात ब्लँकेट देणं बंद केलंय, पडदेही काढलेत. गारठा मात्र पूर्वीइतकाच. तू गुपचूप पिशवीत कोंबलेली शाल मनमाडला सापडली, तेव्हा तुला दंडवत घातला. पुणे स्टेशनवर फलाटाचं तिकीट दहाचं पन्नास रुपये केलंय, म्हणून चिरंजीवांना बाहेरूनच परत पाठवलं. अकोल्यात तोंडाला रुमाल बांधलेले आम्ही मोजके लोक, बाकी स्टँडवर नेहमीची गर्दी. एस.टी.त शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोठून आले जी?” पुणे म्हटलं. पातूरला जागा रिकामी झाली, तशा त्या उठून पुढे जाऊन बसल्या.

मामाच्या डोळ्याचं आता काही खरं नाही. दवाखान्यातून निरोप आलाय, तातडीची नसतील ती ऑपरेशनं पुढे ढकललीत. म्हणजे ज्यासाठी आलो ते कामच राहिलं. मामाला वाईट वाटलेलं दिसत नाही, उलट सुटल्यासारखा दिसतो.

मामीने भरीत केलं होतं. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून, लाकडी बडजीत ठेचून, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून, वरून कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकरी. रागावू नकोस, पण आपल्या गॅसवर ते तसं होत नाही. तीन भाकरी खाल्ल्या. झोपतो.

तुझा,
बाळू


२५ मार्च, पाडवा

ती. आईस,

कालचं परतीचं तिकीट गेलं. पैसे परत मिळणार आहेत. रविवारच्या जनता कर्फ्यूपर्यंत वाटत होतं, एका दिवसाचा प्रकार आहे. पाच वाजता मामी ताट-पळी घेऊन ओट्यावर गेली, पोरांनी तेलाचे रिकामे डबे बडवले. मामाला नीट दिसत नाही, तो आतून ओरडला, “काय झालं बाप्पा, वाघ आला का?” सोमवारपासून राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. काल रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवस सांगितले. मामाने बोटं मोजली आणि म्हणाला, “म्हंजे आंबेडकर जयंतीलोक.” तोवर इथेच.

पाडव्याला बाजार भरला नाही, गाठी मिळाली नाही. मामीने डब्यातून गेल्या वर्षीची काढली आणि तीच गुढीला बांधली. लिंब दारचाच. पुरणपोळी मात्र झाली, घरच्या हरभऱ्याच्या डाळीची, आणि तुपाची वाटी तुझ्या माहेरी कशी भरतात ते तुला सांगायला नको.

पण ही पोळी मी एकट्याने खाल्ली, बैठकीत. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, न्हाणीची वेळही सगळ्यांच्या शेवटी. पोलीस पाटील येऊन नाव लिहून गेले, कधी आलो, कशाने आलो, कोणाला भेटलो. आशाताई रोज येतात. तोंडाला ओढणी, हातात वही, फाटकाबाहेरूनच प्रश्न: “ताप? खोकला? घसा?” थर्मामीटर नाही, हातमोजे नाहीत, माझ्या शब्दावर बिचारी भरवसा ठेवते. परवा मला ठसका लागला, मामीच्या फोडणीचा. गल्लीतली दोन घरं दारं लावून बसली.

मामा उंबऱ्यापलीकडे खुर्ची टाकून बसतो. काल म्हणाला, “तू माहा भाचा हायेस रे, पन गावाले कोन समजावंल?” लहानपणी याच गल्लीत पोरं मला ‘पुन्याचा पावना’ म्हणून डोक्यावर घ्यायची. आता तीच, मिशा आलेली, मला पाहून पलीकडच्या बाजूने जातात. खरं सांगायचं तर राग येतो. आणि राज्यातले पहिले रुग्ण आपल्याच पुण्यात ९ मार्चला सापडले हे आठवलं, की रागवायला तोंड उरत नाही.

सॅनिटायझर कुठेच नाही. सरकारने दोनशे मिलीला शंभर रुपये भाव ठरवलाय, मास्कला दहा. भाव आहे, माल नाही. मामीने कपडे धुण्याच्या साबणाची वडी दिलीय.

तू तुझ्या गोळ्या घेतेस ना?


५ एप्रिल, रात्र

ती. आईस,

माझे चौदा दिवस भरले आणि मला घरात घेतलं, तोच या आठवड्यात मेडशीचा एक जण पॉझिटिव्ह निघाला. वाशिम जिल्ह्यातला पहिला. तू टीव्हीवर पाहिलं असशील. मेडशी आपल्यापासून किती लांब, तुला माहीत आहे. तू लहानपणी तिथे पायी जायचीस. ते गाव सील केलंय, आणि त्याचं पाहून आजूबाजूच्या गावांनी स्वतःलाच सील केलं.

आपल्या वेशीत आडवी बैलगाडी लावलीय, बाजूने बाभळीच्या काट्या, आणि शाळेचा फळा आणून त्यावर खडूने ‘बाहेरच्या लोकांना गावात येण्यास मनाई आहे’. फळ्याच्या कोपऱ्यात अजून मार्चचा सुविचार आणि पटसंख्या आहे. शाळेतही बाहेरून आलेलेच आहेत, चाकणच्या कंपन्यांतून परतलेली पोरं. त्यांचे डबे घरून येतात आणि खिडकीत ठेवले जातात. वेशीवर पाळी लावलीय. गाडीच्या जुवावर बसलेला पोरगा मला विचारतो, “आधार कार्ड?” त्याच्या बापाचं लग्न मी जेवलोय.

मामाच्या बी.पी.च्या गोळ्या संपल्या म्हणून वाशिमच्या मालेगावला निघालो. कोणत्या नाक्यावर ते लिहीत नाही. तिथे छत्रीखाली खुर्ची टाकून एक गृहस्थ होते.

“कुठला?”

“पुण्याचा, पण मार्चपासून इथेच मामाकडे.”

“पुण्याचा, मग इथं काय करतो?”

सांगितलं, मामाला मोतीबिंदू, त्याच्या गोळ्या आणायच्यात. म्हणे मोतीबिंदूला गोळ्या नसतात. म्हटलं, गोळ्या बी.पी.च्या आहेत. म्हणे, मग मोतीबिंदू कशाला सांगितला? चिठ्ठी दाखवली, तर ती हातात न घेता काठीच्या टोकाने धरून वाचली आणि निकाल दिला: “पेशंटला घेऊन ये.” अरे, ज्याला दिसत नाही त्या म्हाताऱ्याला मोटारसायकलवर बसवून या उन्हात नाक्यावर आणू? बराच वेळ उभा राहिलो. शेवटी त्यांचा चहा आला, तेव्हा हातानेच ‘जा’ अशी खूण केली. चहा नसता तर आज तिथेच असतो. हे सगळं लिहून काढल्यावर थोडं बरं वाटतंय.

तू पोहरादेवीचं विचारलंस. रामनवमीची यात्रा झाली नाही, भक्तांना घरीच थांबायला सांगितलं होतं. वाशिमचा बालाजी बंद. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तर विचारूच नकोस, तिथे वादामुळे १९८१ पासून कुलूप आहे आणि लोक झरोक्यातून दर्शन घेतात. त्या देवाला लॉकडाऊनचं नवल नसेल.

मामा रात्री शेतात झोपायला जातो. म्हणतो, मानमोडीच्या साथीत त्याच्या आजीचं सगळं कुटुंब शेतात खोपट्या घालून राहिलं होतं म्हणून वाचलं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. १९१८ ची गोष्ट, पण मामा ती अशी सांगतो की जणू हा स्वतःच खोपट्या बांधायला होता. गावातल्या आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्याचं पाहून बाजा शेतात नेल्यात. टीव्हीवरचे डॉक्टर ‘अंतर ठेवा’ म्हणतात, यांनी ते सरळ अर्ध्या मैलाचं ठेवलं.

आज रात्री नऊला दिवे लावायचे होते. मामीची पंचाईत, कारण नऊलाच रामायण. तिने लाइट घालवले, ओट्यावर पणत्या लावल्या आणि टीव्ही चालूच ठेवला. सगळ्या गल्लीत पणत्या आणि आमच्या खिडकीतून वनवास.


१९ एप्रिल

ती. आईस,

जयंती घरातच झाली आणि एकवीस दिवसांचं ३ मेपर्यंत वाढलं. मला आता भरीत नको, पिठलं नको, काही नको. आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून कपभर चहा प्यायचाय. मामी चहात साखर ओतते आणि ‘कमी टाकली’ म्हणते.

आणि तू भाजी आणायला खाली का उतरलीस? सौ.ने सगळं सांगितलं. भवानी पेठेचे आकडे रोज ऐकतो मी. ‘कोथरूडला काही नाही’ हे तुला कोणी सांगितलं? खाली उतरू नकोस. हे ओरडून लिहिलंय असं समज.

चिरंजीवांचं अभिनंदन. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्याचं कळलं. बाजार समित्या बंद पडल्या की माल कुठे अडतो, हा भूगोल त्याला इथे आणून शिकवायला हवा होता. मामाचा हरभरा पोत्यांत भरून बैठकीत ठेवलाय, मी त्यांना टेकूनच लिहितोय. हमीभाव ४,८७५ रुपये क्विंटल. फोनवर व्यापारी त्यापेक्षा खूप कमी बोलतो, तेही ‘उद्या पाहू’ म्हणून. शेजाऱ्याने वांगी तोडायचीच सोडली, बकऱ्या सोडल्यात वावरात. आणि तू तिकडे ऐंशी रुपये किलो दिलेस! मधले शे-दीडशे कोस वांग्याला कोणी पार करू देत नाही. पुडीचा माल मात्र सगळे नाके ओलांडून येतो; दहाची पुडी चाळीसला, आणि ती विकणारा वेशीवरच्या पाळीतलाच आहे.

एक लिहायचं राहिलं. अकोल्याहून मालेगाव, वाशिम, हिंगोली, नांदेड करत खाली हैदराबादकडे जातो तो आपला रस्ता. त्यावरून माणसं चालत येताहेत, खालून वर. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं, पायात स्लिपर, काहींच्या पायात तीही नाही. मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात जायचंय म्हणतात. पहिल्या दिवशी वेशीवरच्या पोरांनी काठ्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी आईने तिथे जाऊन पोरांना अशा शिव्या घातल्या, की त्या तुला लिहून पाठवता येणार नाहीत. आता फळ्याच्या अलीकडे माठ आहे आणि टोपलीत भाकरी आणि ठेचा. जवळ कोणी जात नाही. आपण मागे सरकायचं, त्यांनी घ्यायचं, त्यांनी पुढे जायचं. काल एका बाईने भाकरी घेतली आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून हात जोडले, कारण आम्ही सगळे लिंबामागे होतो. मामी रोज पंधरा भाकऱ्या जास्त थापते. तिला कोणी सांगितलेलं नाही.

मला मात्र अजूनही मधूनच “तुमाले खोकला नाई ना?” असं विचारतात.


९ मे

ती. आईस,

पास मिळाला. मेडशीचा माणूस मागेच बरा झाला आणि ३० एप्रिलच्या यादीत वाशिम ग्रीन झोनमध्ये आलं. राज्यात असे सहाच जिल्हे. पुणे रेड. हिरव्यातून लाल भागात कशाला जाता, असं डॉक्टरांनीही विचारलं, प्रमाणपत्रावर सही करताना. मालेगावचा एक गाडीवाला तयार झालाय. चौदा हजार मागतो, येताना रिकामं यावं लागेल म्हणून. घासाघीस केली नाही. परत आल्यावर चौदा दिवस त्यालाही शाळेत बसवणार आहेत.

मेहकर, जालना, औरंगाबाद, नगर असा रस्ता. काल पहाटे त्याच वाटेवर करमाडजवळ जालन्याहून निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. मामीने टीव्ही बंद केला आणि भाकऱ्या थापायला बसली. आमच्या माठापाशी थांबलेल्यांपैकी ते नव्हते, ते दुसऱ्या वाटेने चालले होते, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही.

मामाच्या डोळ्याचं अजून ठरत नाही. सध्या दवाखाना म्हटलं की तो शेतात निघून जातो. हरभरा पोत्यांतच आहे.

उद्या पहाटे निघतो. काही गोष्टी करून ठेवा. पुढची खोली मोकळी करा, माझं ताट-तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. दारात बादली आणि साबण, माझे कपडे मीच भिजवीन. चौदा दिवस तू त्या खोलीकडे फिरकायचं नाहीस, दाराबाहेर खुर्ची टाकूनही बसायचं नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच फोन करून सांगा. ‘बाहेरगावचा माणूस’ म्हणून फाटकावर अडवतील. म्हणावं, पास आहे, डॉक्टरांचा कागद आहे, आणि ग्रीन झोनमधून येतोय.

मामीने तुझ्यासाठी मुंगवड्या दिल्यात. डब्याला बाहेरून साबण लाव, मग उघड.

तुझा,
बाळू